लक्षद्वीपचं लगून पाहताना
लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या पश्चिमेला प्रवाळभित्ती लाटा बाहेरच थोपवते. म्हणून आतलं लगून उथळ, संथ, स्नॉर्केलिंगला सोयीचं. पाण्यात तोंड घालून शांत तरंगलात, तर पॅरटफिश मासा खडक कुरतडताना चक्क ऐकू येतो. त्याच्या विष्ठेतून पडणारी भुकटी म्हणजेच इथल्या पांढऱ्या वाळूचा मोठा भाग! प्रवाळ मात्र जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, त्यावर पाय टेकू नका. १९९८ साली समुद्र तापला आणि इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. उरलेलं जपायलाच हवं. त्यासाठी सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख बरा. इथे यायला प्रवेश-परवाना आधीच काढावा लागतो. विमान कोचीहून मिळतं, पावसाळा टाळा.