दिवे दहालाच मालवले, तरी…
बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १२ जणांवर झालेला एक प्रयोग २०१४च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. सलग ५ रात्री झोपण्याआधी ४ तास आयपॅडवर वाचायचं, आणखी ५ रात्री छापील पुस्तक. दिवे दोन्ही वेळा दहालाच बंद. आयपॅडच्या रात्रींनंतर झोप लागायला सुमारे १० मिनिटं जास्त लागली, झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दीड तास उशिरा स्रवू लागलं आणि सकाळी तरतरी यायलाही वेळ लागला.

हे लोक नुसते वाचत होते. रील्स नाहीत, मेसेज नाहीत! आपल्या फोनवर तर तेही असतं, म्हणूनच नुसती स्क्रीन पिवळसर करून भागेल असं मला वाटत नाही. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात न्या. गजरासाठी साधं घड्याळ पुरतं.