वादळ जात पाहत नाही, टिनाचे छत मात्र पाहते

९ एप्रिल २०२३. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्याच्या पारस गावी रात्रीच्या सुमारास वादळी वारा आणि पाऊस सुटला. बाबूजी महाराज मंदिराच्या आवारात आरतीला जमलेले लोक टिनाच्या शेडखाली होते. शेजारचे जुने कडुलिंबाचे झाड त्याच शेडवर कोसळले. सात माणसे मेली, अनेक जखमी झाली. ज्याला आडोसा समजले, तोच काळ ठरला.

याला कोणी दैव म्हणेल. आम्ही म्हणत नाही. जुने झाड, त्याखाली टिन आणि टिनाखाली माणसे, ही कारणे डोळ्यांना दिसणारी आहेत. अमेरिकेत घरे उचलून नेणारे चक्राकार वादळ होते, तसे आपल्या वऱ्हाडात क्वचितच. पण एप्रिल-मे महिन्यात अकोला-अमरावतीची जमीन तापते, दमट हवा वर चढून काळे ढग उभे राहतात आणि त्या ढगातला गार वारा एकदम खाली कोसळतो. काही मिनिटांचाच खेळ. पण तेवढ्यात होत्याचे नव्हते होते.

हा वारा जात विचारत नाही हे खरे. मग गावात वादळ झाले की सर्वांत आधी आपल्याच वस्तीतील टिन का उडतात? कारण स्लॅबचे घर कोणाचे आणि टिनाचे कोणाचे, हे वाऱ्याने ठरवलेले नाही. तो प्रश्न मोठा आहे, तो लढूच. पण येत्या पावसाळ्याआधी घर सावरणे आपल्या हाती आहे.

टिनावर दगड ठेवणे ही आपली जुनी सवय. वादळात तेच दगड लेकराच्या डोक्यावर येतात. टिन लोखंडी आकड्यांनी खालच्या पाइपाला किंवा वाशाला घट्ट आवळा. घरावर आलेल्या वाळक्या फांद्या छाटा. धोक्याच्या झाडाचा अर्ज ग्रामपंचायतीला लेखी द्या. ढग गडगडले की दारे-खिडक्या लावून पक्क्या भिंतीच्या आतल्या खोलीत बसा. घर कच्चे असेल तर वारा सुटण्याआधीच शाळेत, समाजमंदिरात किंवा शेजारच्या पक्क्या घरात जा. वावरात असाल तर झाडाखाली थांबू नका. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. तुटलेल्या तारेला हात लावू नका. कागदपत्रे, टॉर्च आणि औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार ठेवा.

१४ एप्रिल याच दिवसांत येतो. जयंतीचे मंडप आणि स्वागत कमानी आपण हौसेने उभारतो. त्या विजेच्या तारांपासून दूर आणि चारही बाजूंनी ताणून बांधल्या आहेत का, हे कार्यकर्त्यांनी पाहिलेच पाहिजे. ढग दाटले तर कार्यक्रम तासभर थांबवला म्हणून बाबासाहेबांचा अवमान होत नाही. माणूस गेला तर मात्र होतो.

आता कायद्याचे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६१ नुसार मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. वकिली करताना आम्ही वारंवार पाहतो : घर पडते, पंचनाम्याच्या यादीत नाव नसते आणि आपला माणूस मुकाट घरी परततो. असे करू नका. पडझडीचे फोटो काढा, दोन साक्षीदार ठेवा, तहसीलदाराला अर्ज देऊन पोच घ्या. घरटॅक्सची पावती जपून ठेवा. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेत बोललेला शब्द. तो पहिल्याच वाऱ्यात उडतो.

वस्तीतील पाच शिकलेल्या तरुणांनी एका रविवारी घरोघर फिरून टिन तपासावेत, म्हातारी माणसे आणि एकट्या राहणाऱ्या बायांची नावे लिहून घ्यावीत. वादळात कोणी कोणाला हात द्यायचा, हे आधीच ठरवावे. संघटित व्हा याचा अर्थ केवळ मोर्चा नव्हे. शेजारणीचे छत आवळून देणे हाही आहे.

जयभीम!