दंत क्ष-किरण फिल्म : अंधारखोलीतील संस्करण

दात, त्यांची मुळे व भोवतालचे जबड्याचे हाड यांच्या तपासणीसाठी तोंडात ठेवलेल्या लहान फिल्मवर क्ष-किरणांनी उमटलेली अदृश्य प्रतिमा रसायनांच्या साहाय्याने दृश्य व टिकाऊ करण्याची क्रिया. जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी जानेवारी १८९६ मध्ये स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले, तेव्हा काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली काच तोंडात धरून त्यांना सुमारे २५ मिनिटे किरण घ्यावे लागले. आधुनिक फिल्मला सेकंदाचा अंश पुरतो. परंतु फिल्म सुधारून साधलेली ही बचत अंधारखोलीतील हयगयीने सहज वाया जाते.

प्रौढांसाठी नेहमी वापरली जाणारी फिल्म सु. ३१ × ४१ मिमी. असते. पारदर्शक पॉलिएस्टरच्या दोन्ही बाजूंवर जिलेटिनमध्ये विखुरलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. फिल्मभोवती काळा कागद, मागे शिशाचा पातळ पत्रा व बाहेर प्लॅस्टिकचे वेष्टन असते. फिल्मच्या एका कोपऱ्यावरील उंचवटा क्ष-किरण नळीच्या बाजूस असतो. पुढे चित्र उजव्या बाजूच्या दातांचे की डाव्या, हे त्यावरूनच ठरते.

वेष्टन उघडणे व पुढील कृती मंद तांबड्या दिव्याखाली होतात. हा दिवा कामाच्या जागेपासून किमान १·२ मी. दूर ठेवतात. तो निर्धोक आहे की नाही हे पाहण्यास उघड्या फिल्मवर नाणे ठेवून दोनतीन मिनिटांनी ती संस्कारित करतात. नाण्याची आकृती उमटल्यास दिवा सदोष समजावा. दंतवैद्याच्या बोटांना लागलेले स्टॅनस फ्ल्युओराइडही फिल्मवर काळे डाग पाडते.

डेव्हलपरमधील हायड्रोक्विनोन व मेटॉल ही द्रव्ये किरण पडलेल्या स्फटिकांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करतात. त्यास लागणारा वेळ तापमानावर अवलंबून असतो : २०° से.ला सु. ५ मिनिटे, तर २४° से.ला सु. ३ मिनिटे. विदर्भातील उन्हाळ्यात नळाचे पाणीच याहून उष्ण असते. अशा वेळी टाकीभोवती बर्फाचे पाणी ठेवावे लागते, अन्यथा जिलेटिन मऊ पडते. त्यानंतर फिल्म अर्धा मिनिट पाण्यात खळबळून सु. १० मिनिटे फिक्सरमध्ये ठेवतात. त्यातील थायोसल्फेट किरण न पडलेले स्फटिक विरघळवते, तर तुरटी जिलेटिन कठीण करते. शेवटी सु. २० मिनिटे वाहत्या पाण्यात धुऊन ती धूळ नसलेल्या जागी वाळवतात. धुण्यात कुचराई झाल्यास चित्र काही काळाने तपकिरी पडते.

डेव्हलपर हवेतील ऑक्सिजनने व वापराने क्षीण होतो, म्हणून तो साधारणतः तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. त्याचा ऱ्हास इतका मंद असतो, की चित्रे फिकी होत चालल्याचे रोजच्या नजरेस जाणवत नाही. मग दोष यंत्राचा मानून किरणांचा काळ वाढविला जातो. याउलट, घाईने अधिक किरण देऊन फिल्म तांबड्या दिव्याशी धरून पाहत लवकर बाहेर काढण्याची रीतही आढळते. दोन्ही प्रकारांत रसायनाची उणीव रुग्णाच्या शरीराने भरून काढली जाते. शिवाय अशा चित्रात काळ्या-पांढऱ्यातील भेद मंदावतो. दोन दातांच्या मधील प्रारंभीचा दंतक्षय ही केवळ एक बारीक काळसर खूण असल्याने ती सुटते, आणि चित्र नव्याने घ्यावे लागते. चांगल्या संस्कारित फिल्मचा एक नमुना जपून रोजची चित्रे त्याच्याशी ताडून पाहणे, हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फ्रान्समध्ये १९८७ साली इलेक्ट्रॉनिक संवेदकावर आधारलेली पद्धत पुढे आली. तीत अंधारखोली लागत नाही. जेथे फिल्म वापरतात तेथे वापरलेल्या फिक्सरमधील चांदी व वेष्टनांतील शिशाचे पत्रे वेगळे काढून ठेवतात. ते गटारात वा कचऱ्यात टाकणे अयोग्य होय.