कर्करोग आणि संधानकर्म

प्लॅस्टिक सर्जरीचें नांव निघालें कीं सुशिक्षित मंडळींच्याही मुद्रेवर मिस्किल हास्य उमटतें. कोणा नटीनें नाक धारदार करून घेतलें, कोणा धनिकानें सुरकुत्या घालविल्या, एवढाच काय तो तिचा व्यवहार, असा समज रूढ झाला आहे. त्यांतून ‘प्लॅस्टिक’ या शब्दानें घोटाळा अधिकच वाढविला. वास्तविक बादल्या-डब्यांच्या त्या पदार्थाशीं या विद्येचा संबंध नाहीं. घडविणें, आकार देणें या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून हें नांव आलें; पदार्थाला तें मागाहून मिळालें. आपल्या सुश्रुताचा शब्द अधिक नेमका आहे: संधान, म्हणजे तुटलेलें जोडणें. कर्करोगानें ज्यांचा जबडा, जीभ किंवा स्तन हिरावून नेला, त्यांच्या संधानाविषयीं आज आम्हांला लिहावयाचें आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, सोळाव्या अध्यायांत, कानाच्या पाळीचें व नाकाचें संधान सांगितलें आहे. नाकाएवढें पान कापून घ्यावें, त्या मापानें गालाची त्वचा उचलून नाकावर बसवावी, श्वासासाठीं दोन नळ्या ठेवाव्या, ज्येष्ठमध वगैरेंचें चूर्ण टाकून वर कापूस ठेवावा व तिळाचें तेल शिंपीत जावें, असा तो विधि. (सुश्रुतानें कपाळाची कातडी घेतली, असें व्याख्यानांतून सर्रास ठोकून दिलें जातें. मूळ ग्रंथांत गाल आहे. अभिमान बाळगणारांनीं निदान अध्याय उघडून पाहावा.)

कपाळाची रीत प्रसिद्धीस आली ती पुण्याकडून. इंग्रजी फौजेचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा मनुष्य १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो तसाच वावरला. पुढें पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आली. कारागिरानें मेणाचा सांचा केला, तो सपाट करून कपाळावर मांडला, तेवढी कातडी सोडविली. मात्र दोन डोळ्यांच्यामध्यें तिची एक पट्टी न तोडतां तशीच राखून ती खालीं वळविली. वरून काताचा लेप दिलेल्या चिंध्या बांधल्या. ती हकीकत पुढें ठेवून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनें १८१४ सालीं तीच शस्त्रक्रिया केली आणि मग ती युरोपभर पसरली.

न तोडलेली पट्टी हेंच साऱ्या शास्त्राचें मर्म होय. तिच्यांतून रक्त येत राहतें म्हणून त्वचा जगते. पंचवीस-एक दिवसांनीं नव्या जागेचें रक्त मिळूं लागलें कीं ती तोडतां येते. परंतु पट्टी पोहोंचेल तेवढाच टापू! तोंडाच्या कर्करोगांत अर्धा जबडा, आंतलें अस्तर व बाहेरचा गाल असे सारेंच जातें, तेव्हां कपाळाची कातडी कोठवर पुरणार? १९७९ सालीं अमेरिकेंतील डॉ. स्टीफन एरियन यांनीं छातीचा स्नायु त्वचेसह वर आणून तोंडांत बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. ती आजही ठिकठिकाणीं उपयोगीं पडते. पुरुषांत त्या कातडीवरचे केंस पुढें तोंडांत वाढूं लागतात, ही एक तिची खोड. पण जीवघेणें भगदाड बुजतें त्यापुढें ही तक्रार किरकोळ.

पट्टीचें बंधन पुरतें तुटलें तें सूक्ष्मदर्शकाखालीं रक्तवाहिन्या शिवतां येऊं लागल्यावर. आतां पायाचें हाड हनुवटीस नेतां येतें. नडगीच्या बाहेरच्या अंगास जें बारीक हाड असतें, तें शरीराचा भार फारसा वाहत नाहीं. गुडघ्याजवळचा व घोट्याजवळचा तुकडा राखून मधलें हाड, वरची त्वचा व रक्तवाहिन्या यांसह काढतात. जबड्याच्या वळणाप्रमाणें त्याला दोन-तीन ठिकाणीं कापून टिटॅनियमच्या पट्टीवर बसवितात, त्वचेनें तोंडाचें अस्तर करतात, आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्या मानेंतील वाहिन्यांना केंसाहून बारीक धाग्यानें शिवतात. एक तुकडी रोग काढीत असतां दुसरी पायाशीं काम करते; तरी आठ-दहा तास सहज लागतात. डॉ. हिडाल्गो यांनीं जबड्यासाठीं ही पद्धति १९८९ सालीं प्रसिद्ध केली. अलीकडे संगणकावर आधीं जबड्याची प्रतिकृति करून हाड कोठें कापावयाचें तें ठरवितात. अनुभवी रुग्णालयांत शेकडा नव्वदांहून अधिक असे कलम जगतात. पहिले दोन-तीन दिवस मात्र परिचारिका तासातासाला त्याचा रंग व ऊब पाहत असतात. तें निळसर पडलें कीं रात्रीं दोनलाही रोग्याला पुन्हां टेबलावर घ्यावें लागतें.

आपल्या देशांत या विद्येला काम पुरविण्याचा मोठा मक्ता तंबाखू-सुपारीनें घेतला आहे. नुसती सुपारीही कर्करोगकारक होय, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला. आमच्या पिढीनें जेवणानंतरचें तबक हें सभ्यतेचें लक्षण मानलें. ज्या कातानें कावसजीचें नाक भरून आलें, तोच त्या तबकांत सुपारीशेजारीं बसला होता!

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कर्त्या गृहस्थांची हनुवटी अशीच काढावी लागली. नवी बसविण्याचा विषय निघाला, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं ‘जीव वांचला, आतां या वयांत रूपाचे चोचले कशाला?’ म्हणून तो मोडून काढला. हनुवटी गेली कीं खालच्या ओठाला आधार राहत नाहीं. लाळ गळे, पाणी ओघळे, घांस तोंडांत ठरेना. त्यांनीं पंगत सोडली. ताट माजघरांत जाऊं लागलें, प्रेमानेंच. पण जाऊं लागलें. नातवंडांना आजोबांच्या पेल्यास हात न लावण्याची ताकीद मिळाली. कर्करोग उष्ट्यानें पसरत नाहीं हें त्या घरांतील पदवीधरांनाही कोणीं सांगितलें नव्हतें. ते गृहस्थ आणखी चार वर्षें जगले आणि चार वर्षांत एकदांही ओट्यावर येऊन बसले नाहींत. याला चोचला म्हणावयाचें असेल तर जेवणें आणि बोलणें हेही चोचलेच ठरतील. संधान मागाहूनही करतां येतें, परंतु किरणोपचारानंतर भोंवतालचें मांस कडक होतें व काम दुष्कर बनतें. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वींच विचारावें.

स्तनाच्या बाबतींत तर आपल्या घरांत विषयच निघत नाहीं. पोटाची त्वचा व चरबी घेऊन स्तन घडविण्याची रीत १९८२ पासून प्रसिद्ध आहे. पाठीचा स्नायु घेण्याची त्याहून पुष्कळच जुनी, इटलींतील तान्सिनी यांची, १९०६ ची. कोणा स्त्रीला तें हवें असेल, कोणाला नको असेल. दोन्ही निर्णय सारखेच शहाणपणाचे. मात्र ते तिचे असावे, सासूबाईंचे किंवा नणंदेचे नव्हेत. शस्त्रवैद्याच्या खोलींत जातांना तिच्याबरोबर निम्मे घर जातें आणि विचारावयाचें तेंच राहून जातें, असें आम्हीं पाहिलें आहे.

घरच्यांचें खरें काम शस्त्रक्रियेनंतर लागतें. हाताच्या किंवा मांडीच्या त्वचेची केलेली जीभ आपण होऊन हलत नाहीं. उरलेली जीभ तिला वागविते. त्यामुळें आपल्या वर्णमालेंतील दन्त्य व मूर्धन्य वर्ण, आणि विशेषतः र, ल, रोग्याला जड जातात. वाणीचे शिक्षक ते पुन्हां बसवून घेतात. ऐकणारांनीं घाई करूं नये. तोंड आंवळत जाऊं नये म्हणून लांकडी पट्ट्या एकावर एक रचून दांतांत धरण्याचा व्यायाम दिवसांतून अनेकदां करावयाचा असतो. आज किती पट्ट्या गेल्या, याची वहींत रोजची नोंद ठेवावी. हें काम घरांतलें शाळकरी मूल फार चोख करतें.