आमच्या घरची बोली



मी पहिलीत असतानाची गोष्ट. वर्गात मला तहान लागली. मी उभा राहून म्हणालो, "ईर." सगळा वर्ग खो-खो हसला. मागचा एक पोट्टा म्हणाला, "काय म्हणून राह्यला बे हा?" मी मुकाट्याने खाली बसलो आणि सुट्टी होईपर्यंत तहानलेलाच राहिलो. त्या दिवसापासून मी शाळेत घरची बोली तोंडातून काढली नाही. आज मी सातवीत आहे. तो शब्द कोणता होता, हे आज सांगतो.

ईर म्हणजे पाणी. हा शब्द कोलामी भाषेतला आहे. आम्ही कोलाम. आमच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलाम लोक आपल्या वर्धा जिल्ह्यात, यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांत आणि तेलंगणातील आदिलाबादकडे राहतात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन आदिम जमाती होत. २०११ सालच्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाहून थोडे जास्त भरले.

पुष्कळांना वाटते की कोलामी म्हणजे मोडकी मराठी. तसे नाही. मराठी ही हिंदी-गुजरातीच्या कुळातली. कोलामी ही तेलुगू, कानडी, तमिळ यांच्या कुळातली, म्हणजे द्राविडी भाषा आहे. पाहा :

घर – कोलामीत एल्ला, तेलुगूत इल्लू.
पाणी – कोलामीत ईर, तमिळमध्ये नीर.
विस्तव – कीस. झाड – माक.
एक, दोन, तीन, चार – ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग, नालिंग.

आणखी एक गंमत. मराठीत आपण दोन बैल, दोघे भाऊ, दोघी बहिणी असे म्हणतो. कोलामीतही तसेच तीन वेगळे शब्द आहेत : वस्तूंना इंदिंग, पुरुषांना इद्दर आणि बायांना ईरल. जिला नियम नाहीत अशी बोली हे सारे कसे सांभाळील?

हे नियम प्रथम आमच्या गुरुजींनी मला सांगितले. ते म्हणाले, "अरे, तुझ्या बोलीवर परदेशात ग्रंथ छापला आहे!" मला खरेच वाटेना. मरे एमेनो नावाचे एक पंडित कॅनडात १९०४ साली जन्मले. १९३५ ते १९३८ या काळात ते भारतात होते. आधी त्यांनी निलगिरी डोंगरातल्या तोडा व कोटा लोकांच्या भाषा ऐकून लिहून घेतल्या आणि मग वर्ध्याकडची कोलामी. कोलामीला स्वतःची लिपी नाही. म्हणून बोलणाऱ्यासमोर बसायचे, एकेक शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचा, आवाज खुणांनी टिपायचा आणि मग त्यातून व्याकरण शोधायचे, असे हे काम असते. त्यांचे पुस्तक १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापले. पुढे १९६१ साली त्यांनी टॉमस बरो यांच्याबरोबर द्राविडी भाषांचा मोठा कोश काढला. त्यात कोलामी शब्द तमिळ-तेलुगूच्या पंगतीला बसले आहेत. ज्या शब्दाला माझा वर्ग हसला, तो ईरसुद्धा तेथे आहे.

आपल्या मराठी माणसानेही हे काम केले आहे. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादकडच्या कोलामीचे व्याकरण लिहिले, ते १९५० साली प्रसिद्ध झाले.

अशी कामे जगभर होतात. आफ्रिकेत नायजेरिया देशात बाज्जू नावाचे लोक आहेत. त्यांच्या भाषेचे नाव ज्जू. शेजारचे हौसा लोक त्यांना काजे म्हणतात, पण ते स्वतःला बाज्जूच म्हणवतात. कॅरोल मॅकिनी या बाईंनी त्यांच्यात राहून त्यांची भाषा व चालीरीती अभ्यासल्या. त्यांच्या इतिहासावरचे बाईंचे पुस्तक २०१९ साली निघाले.

पण मित्रांनो, भाषा पुस्तकात राहिली म्हणजे जगली असे नाही. माझी धाकटी बहीण आजीला मराठीतच उत्तर देते. घरच्यांनीच ठरवले होते, की पोरगी शाळेत हसण्यावारी जाऊ नये. त्यात त्यांचा काय दोष? पण परवा आजी म्हणाली, "इले माही बोली समजत नाही, आता मी गोष्ट कोणाले सांगू?" मला काही बोलता आले नाही. मलाही आता अर्धीच बोली येते.

म्हणून मी एक शंभर पानी वही केली आहे. रोज रात्री जेवणे झाली की आजीला पाच शब्द विचारतो आणि देवनागरीत लिहितो. बहीण शेजारी बसते. तिला आतापर्यंत चारपर्यंत मोजता येऊ लागले आहे.

मराठी आपण शिकलीच पाहिजे. मी हा लेखही मराठीतच लिहिला आहे. पण एक भाषा शिकायला दुसरी टाकावी लागत नाही. एका गोठ्यात दोन गाई राहतातच की!

शेवटी एक विनंती. पोडावरून आलेल्या काका-मावशींनी वरचे शब्द वाचून पाहावेत. काही चुकले असेल तर खाली जागा मोकळी सोडली आहे. पेन्सिल दोरीला बांधली आहे. आणि वर्गमित्रांनो, उद्या कोणी नवा पोरगा "ईर" म्हणाला, तर हसू नका. त्याला पाणी द्या.

– इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थी