बेस गिटारवादनातील डाव्या हाताचे तंत्र : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन युवक महोत्सवांतील पाश्चात्त्य संगीताच्या स्पर्धांमुळे बेस गिटार हे वाद्य विद्यार्थ्यांच्या हाती येते. मात्र त्याचे पद्धतशीर शिक्षण क्वचितच मिळते. बहुतेक विद्यार्थी साध्या गिटारकडून या वाद्याकडे वळतात आणि गिटारवरील हाताची ठेवण जशीच्या तशी येथे आणतात. परिणामी स्वर अस्पष्ट उमटतो आणि काही महिन्यांतच मनगट दुखू लागते. या दुखण्याचा संबंध विद्यार्थ्याच्या कमी सरावाशी जोडला जातो. वस्तुतः त्याचे मूळ वाद्याच्या मापांत आहे. प्रस्तुत लेखात तारा दाबणाऱ्या, म्हणजे सामान्यतः डाव्या हाताच्या तंत्राचा विचार केला आहे.

वाद्याची मापे

लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1951 मध्ये बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बेस’ची नटापासून घोडीपर्यंतची तारेची लांबी 34 इंच होती आणि पुढे तेच माप रूढ झाले. याच कंपनीच्या प्रचलित गिटारची ही लांबी 25.5 इंच, म्हणजे बेसच्या बरोबर तीन चतुर्थांश असते. फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्याचे काम करणारी दांडीवरील धातूची पट्टी. सतारीचे पडदे सरकवता येतात, फ्रेट मात्र पक्के बसवलेले असतात आणि घोडीकडे जाताना त्यांतील अंतर ठरावीक प्रमाणात घटत जाते. हिशेब केल्यास बेसवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधील अंतर सुमारे 130 मिलिमीटर येते. गिटारवर तेच सुमारे 97 मिलिमीटर भरते. बाराव्या ते पंधराव्या फ्रेटपर्यंत मात्र बेसवरही ते 69 मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजेच एकाच वाद्याच्या दोन टोकांना हातापुढील प्रश्न सर्वस्वी भिन्न आहे.

‘एका फ्रेटला एक बोट’ हा गिटारवादकांचा नियम म्हणूनच सरसकट लागू करणे योग्य ठरत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर बेस गिटारच्या जन्मापूर्वीच उपलब्ध होते. व्हिएन्ना येथील डबल बेसवादक फ्रांट्स सिमांडल (1840–1912) यांच्या पद्धतीत तर्जनी, मध्यमा आणि करंगळी ही तीनच बोटे स्वतंत्र स्वरांसाठी योजली जातात. अनामिका करंगळीच्या साहाय्याला राहते. हाताची एक बैठक त्यामुळे दोनच अर्धस्वरांतरे व्यापते. बेस गिटारवर पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटपर्यंतचा हा विस्तार सुमारे 89 मिलिमीटर, म्हणजे सामान्य हातास सहज पेलणारा आहे. राहिलेल्या स्वरासाठी बोट ताणण्याऐवजी संपूर्ण हात सरकवावा, हे या पद्धतीचे मर्म होय.

या योजनेला शरीररचनेचाही आधार आहे. मध्यमा, अनामिका आणि करंगळी यांना वाकविणाऱ्या खोल स्नायूचा मांसल भाग बराचसा सामाईक असतो आणि हाताच्या पाठीमागील कंडरा परस्परांशी जोडलेल्या असतात. अनामिका करंगळीपासून पूर्णतः स्वतंत्र होणे म्हणूनच अवघड असते. सराव हे बंधन सैल करतो, तोडत नाही.

पहिल्या चार फ्रेटमध्ये सिमांडल यांची पद्धत आणि पाचव्याच्या पुढे चार बोटांची पद्धत, अशी विभागणी नवशिक्यांसाठी अधिक हितावह दिसते. पाचव्या फ्रेटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी जवळजवळ 25.5 इंचच उरते. म्हणजे तेथून पुढे बेस हे मापाने गिटारच होते. शिक्षणाचा आरंभही तेथूनच करावा. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यास पहिल्या फ्रेटवर बसविण्याची प्रचलित रीत त्याला सर्वांत कठीण जागी उभे करते.

दाब, अंगठा व मनगट

बोट फ्रेटच्या लगत मागे टेकल्यास अल्प दाबात स्वर स्वच्छ येतो. ते मागे राहिल्यास तार फ्रेटवर नीट बसत नाही आणि खरखर ऐकू येते. नेमक्या फ्रेटवर पडल्यास स्वर दबतो. आवश्यक दाब किती, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावे. बोट तारेवर नुसते टेकवून उजव्या हाताने तार छेडत राहावे आणि दाब हळूहळू वाढवावा. स्वर प्रथम स्वच्छ उमटतो तेथे थांबावे. आपण याहून किती तरी अधिक जोर लावत होतो, असा अनुभव बहुतेकांना येतो.

अंगठा दांडीच्या मागे, साधारणतः मध्यमेच्या समोर सैल असावा. त्याने चिमटा काढल्यासारखी पकड घेतली की हाताचे सरकणे थांबते. मनगटाबाबत एक प्रयोग उद्बोधक आहे : मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवून मूठ आवळण्याचा प्रयत्न केल्यास मूठ घट्ट मिटत नाही. वाकलेल्या मनगटाने वाजविणारा विद्यार्थी याच कमकुवत पकडीने जाड तारा दाबत असतो. शिवाय मनगटातील अरुंद मार्गातून नऊ कंडरा आणि मध्यवर्ती चेतातंतू एकत्र जातात. मनगट वाकले की तेथील दाब वाढतो. वाद्याचा पट्टा गुडघ्यापर्यंत सैल सोडण्याची रंगमंचीय हौस या दृष्टीने महाग पडते. बसून वाजविताना वाद्य ज्या उंचीवर असते, जवळपास त्याच उंचीवर ते उभे असतानाही राहावे.

स्वराचा शेवट

स्वर थांबविणे हेही याच हाताचे काम आहे. सर्वांत जाड तारेचा मुक्त स्वर सुमारे 41 हर्ट्झचा असतो. असे दोन खर्ज स्वर एकमेकांत मिसळले की वाद्यवृंदाचा पायाच गढूळ होतो. त्यासाठी बोट तारेवरून न उचलता केवळ दाब काढावा. पाचव्या, सातव्या वा बाराव्या फ्रेटवर मात्र एकच बोट टेकलेले राहिल्यास तारेचा उपस्वर वाजतो. तेथे शेजारचे दुसरे बोटही तारेवर टेकवावे लागते.

सरावात वेदना जाणवल्यास थांबणे इष्ट होय. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत वारंवार मुंग्या येत असल्यास मनगटातील चेतातंतूवर, तर करंगळीच्या बाजूस येत असल्यास बहुधा कोपराजवळील चेतातंतूवर ताण असण्याची शक्यता असते. अशा विद्यार्थ्यास अधिक सरावाचा सल्ला न देता वैद्याकडे पाठवावे.