शब्दव्यवहार – 9 : वर्गणी आणि सबस्क्रिप्शन

गणेशोत्सवाला आपण वर्गणी देतो, मासिकाची वर्गणी भरतो. पण घरबसल्या सिनेमे पाहण्यासाठी दरमहा खात्यातून पैसे जातात, ते मात्र ‘सबस्क्रिप्शन’चे. इंग्रजीत या तिन्हींना एकच शब्द चालतो. मराठीत हाताशी शब्द असताना उसना घेतला तो निव्वळ आळसाने, अशी तक्रार होते. ती पटण्यासारखी नाही. बोलणाऱ्यांनी इथे दोन वेगळे व्यवहार अचूक ओळखले आहेत.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘खाली लिहिणे’, म्हणजे मजकुराखाली सही करणे. सहीमागून पैशाचे वचन आले. अलेक्झांडर पोपने ‘इलियड’चा इंग्रजी अनुवाद 1715 ते 1720 या काळात सहा खंडांत काढला, तो याच रीतीने. खंडामागे एक गिनी द्यायचे कबूल करणाऱ्या 575 जणांची यादी पुस्तकातच छापली गेली. अनुवाद पुरा व्हायचा होता. तो या नावांच्या भरवशावर झाला. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी वर्षाला एक पैसा मागितला आणि 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. दोन्हीकडे देणारे आधी जमले, वस्तू मागून आली. एकट्याला न पेलणारे काम अनेकांनी वाटून उचलणे, हाच ‘वर्गणी’चा गाभा.

यावर कोणी म्हणेल, मासिकाची वर्गणी ही तर सरळ आगाऊ किंमत. तिथे कसले सामायिक काम? अंक बदल्यात मिळतो, हे खरे. पण कागद किती घ्यायचा, प्रती किती काढायच्या, हा अंदाज त्या आगाऊ पैशांवर बांधला जातो. म्हणूनच स्टॉलवर अंक विकत घेणाऱ्याला कोणी वर्गणीदार म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा की वर्गणी सक्तीचीही असते. असते, पण तिला ‘सक्तीची’ हे विशेषण मुद्दाम जोडावे लागते, आणि सक्ती हद्दीबाहेर गेली की लोक तिला खंडणीच म्हणतात.

सबस्क्रिप्शनमध्ये सही उरली ती पहिल्या दिवसापुरती. पुढे गप्प राहणे हाच होकार. म्हणून तर कार्डावरून ठरावीक मुदतीने पैसे कापण्यापूर्वी ग्राहकाला किमान 24 तास आधी कळवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीने लागू करावा लागला. यूट्यूबवर वाहिनी ‘सबस्क्राइब’ करताना उलटे होते : नाव नोंदले जाते, पैसा लागत नाही. एकीकडे नुसता पैसा, दुसरीकडे नुसते नाव. वर्गणीच्या पावतीवर मात्र दोन्ही असतात. तेव्हा पैसे भरू तोवरच वापरू देणाऱ्या या भाड्यासारख्या व्यवहाराला खुशाल ‘सबस्क्रिप्शन’ म्हणावे. ‘वर्गणी’ हा शब्द तिथे वाया घालवू नये.